तर्जनी चौदा, करंगळी सात

हाताची पाची बोटं सारखी नसतात, हे प्रत्येक घरातली आजी सांगत आली आहे. कुठलं बोट किती, तेवढं सरकारने लिहून दिलं. तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका ७, करंगळीही ७. अंगठ्याचा मान मोठा, त्याला ३०. पंजा गेला तर ६०, आणि खांद्यातून सबंध हात गेला तर ९०. हे टक्के कमावण्याच्या ताकदीचे. करंगळी गेलेला माणूस ९३ टक्के कमावता उरतो, असा त्याचा अर्थ. दहाही बोटं शाबूत असून सात टक्केसुद्धा न कमावणारा एखादा भाचा प्रत्येक घरात असतो, पण त्याची सोय या यादीत नाही.

यादी १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली. मूळ यादी जरा ढोबळ होती आणि तिच्यात उजव्या हाताला डाव्यापेक्षा दहा टक्के जास्त मिळत. हिंदुस्थानात डावा हात कुठल्या कामासाठी राखून ठेवतात हे साहेबाने पाहिलं असेल. पुढे स्वतंत्र भारताने दोन्ही हात समान केले. २०१० साली कायद्याच्या नावातला कामगार जाऊन तिथे कर्मचारी आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अख्खा कायदाच सामाजिक सुरक्षा संहितेत जाऊन बसला. बोटांचे टक्के मात्र तसेच सोबत गेले. ई.एस.आय.च्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दाराने गेलात तरी आत हीच यादी टांगलेली असते. राजे बदलतात, करंगळी सातच राहते.

ही यादी मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या एका वकील स्नेह्यांच्या टेबलावर. भोसरी-चाकणकडच्या कामगारांचे असे दावे ते वर्षानुवर्षं चालवतात. टेबलाच्या काचेखाली हस्तसामुद्रिकाचा एक छापील पंजा आहे, जत्रेत मिळतो तसला. तर्जनीखाली गुरू, मधल्या बोटाखाली शनी, अनामिकेखाली रवी, करंगळीखाली बुध. वकिलांनी त्याच पंजावर लाल पेनाने आकडे घातले आहेत. बोटांच्या पेरांवर आडव्या रेघा मारल्या आहेत, कारण कायदा पेरापेराने मोजतो. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९, दोन गेली तर ११, अख्खी गेली तर १४. पहिल्या पेरालाच बहुतेक पैसे संपतात. पुढची दोन पेरं म्हणजे नुसती भर. नवा अशील आला की आधी काचेखाली बघतो, मग नकळत हात पुढे करतो. ह्यांच्याकडे निदान भूतकाळ तरी बिनचूक सांगतात.

पेरापेक्षाही लहान माप आहे ते शेंड्याचं. हाड न जाता नुसता शेंडा उडाला, तर इंग्रजी मसुद्यात त्याला गिलोटिन म्हटलंय. फ्रान्सच्या राजाचं मुंडकं उडवणारं यंत्र आमच्या कायद्यात करंगळीच्या शेंड्यावर उतरलं आणि २ टक्क्यांत आटोपलं.

यादीचा खरा आनंद मात्र बेरजेत आहे. तर्जनी १४ आणि मधलं बोट १२, झाले २६, हे तुमचं-आमचं गणित. यादीत ‘एका हाताची दोन बोटं’ अशी वेगळी ओळ आहे आणि तिच्यापुढे २० आहेत. म्हणजे ही दोन बोटं बरोबर गेली तर सहा टक्के बुडाले. अनामिका आणि करंगळी बरोबर गेली तर सात नि सात चौदाच्या जागी तेच २०, म्हणजे सहा टक्के वर. चार बोटं सुटी सुटी धरली तर ४०, एका घावात गेली तर ५०. त्या ५० मध्ये अंगठ्याचे ३० मिळवावेत तर ८० होतात, पण पाची बोटं गेली की यादी पंजाचे ६० हातावर ठेवते. (हातावर ठेवते हे आपलं म्हणायचं.) एवढा उलटसुलट घाऊक भाव मार्केट यार्डातही निघत नसेल. “बोटं तोडणाऱ्या यंत्राला ही ओळ वाचून दाखवायची कोणी?” वकील विचारतात.

बोटांना भाव लावण्याचा मान आपला एकट्याचा नाही. इंग्लंडात केंटच्या एथेलबर्ट राजाने सन ६०० च्या आसपास जे कायदे लिहवून घेतले, त्यात अंगठ्याला २० शिलिंग आहेत, मधल्या बोटाला ४ आणि करंगळीला चक्क ११. पुण्यात दुचाकी चालवणारा कोणीही सांगेल की मधल्या बोटाला एवढं स्वस्तात काढणं बरोबर नाही.

हाताच्या वरच्या भागाची मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटर. कोपराच्या टोकाखाली ११.४३ सेंटिमीटर. काय ती अचूकता! एखाद्या शल्यविशारदांच्या समितीने रात्री जागवून हे दोन दशांश काढले असणार, असं कोणालाही वाटेल. २.५४ ने भागून बघा. आठ इंच आणि साडेचार इंच. देशात इंच जाऊन मीटर आले तेव्हा कायद्याने फक्त गुणाकार केला. आता कोपराखाली ११.४३ च्या आत हात तुटला तर ७० टक्के, बरोबर ११.४३ वर किंवा त्याखाली तुटला तर ६०. तीस वर्षांच्या, महिना १५,००० पगाराच्या माणसाला त्या केसभर अंतराची किंमत पडते १,८७,१८२ रुपये.

हा आकडा कसा निघतो ते सांगून टाकतो, कारण अपघात झाल्यावर गल्लीत सगळेच सांगतात आणि प्रत्येक जण वेगळा सांगतो. १९२३ च्या कायद्याच्या हिशोबाने महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे आणि त्याला वयाच्या गुणांकाने गुणायचं. सोळाव्या वर्षी हा गुणांक २२८.५४ असतो, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७ आणि पासष्टीला ९९.३७. बोट तेच, पण वाढदिवसागणिक उतरत जातं. पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून हिशोबात धरायचा तो जास्तीत जास्त १५,०००. त्याआधी तर ८,०००. म्हणजे तिशीतल्या माणसाचे शंभर टक्के झाले १८,७१,८२० रुपये. त्यात तर्जनी २,६२,०५५ आणि करंगळीचा शेंडा ३७,४३६. घरी विळीवर बोट कापलं तर अर्थात हळद.

एकदा ही यादी डोक्यात बसली की पुराणंही सरळ वाचता येत नाहीत. श्रीकृष्णाने गोवर्धन उचलला तो ७ टक्क्यांच्या बोटावर. सुदर्शन फिरवलं ते १४ च्या बोटावर, तिथे निदान जड कामाला जड बोट आहे. पण सगळ्यात भक्कम दावा एकलव्याचा. उजवा अंगठा, ३० टक्के. तळव्यातल्या हाडासकट गेला असेल तर ४०. आणि प्रतिवादी द्रोणाचार्यांचं म्हणणं काय असतं, ते कुठल्याही कामगार कोर्टात आज रोज ऐकायला मिळतं. एक, हा इसम आमच्या पटावर कधीच नव्हता. दोन, इजा त्याने स्वतःच्या हाताने करून घेतली. तीन, घडलं ते आमच्या आवाराबाहेर, रानात. पटावर नसलेल्याकडून दक्षिणा कशी वसूल केली, या प्रश्नाला पुढची तारीख पडली असती. हस्तिनापूरने हात वर केले असते की द्रोण हे आमचे कंत्राटदार, आमचा काय संबंध? पण १९२३ च्या कायद्याचं १२ वं कलम कंत्राटदाराच्या माणसासाठी मूळ मालकालाही धरायचं, तेव्हा भीष्मांनाही वकीलपत्र द्यावं लागलं असतं.

आताचे एकलव्य पॉवर प्रेसवर असतात. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, रॅम खाली येतो, तुकड्याचा कंस होतो, कंस काढून पुढचा तुकडा ठेवायचा. बऱ्याच प्रेसना दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही तळव्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच रॅम हलतो. म्हणजे रॅम येतो तेव्हा हात बटणावर असतात, डायमध्ये नसतात. ही युक्ती काढणाऱ्याला माणूस चांगला कळला होता, टार्गेट कळलं नव्हतं. जुन्या प्रेसच्या एका बटणात पत्र्याची चिपटी खोचली की ते कायमचं दाबलेलं राहतं. एक हात मोकळा होतो. मोकळा हात जॉब काढतो, दुसरा बटण मारतो, तासाचे नग वाढतात आणि सुपरवायझर त्या दिवशी चहा पाजतो. चिपटी कोणी खोचली हे अपघात होईपर्यंत सगळ्या शॉपला माहीत असतं. अपघातानंतर ती जखमी माणसानेच खोचलेली असते.

तशी ती असावी लागते. सुरक्षेचा बंदोबस्त कामगाराने मुद्दाम काढला असेल तर मालक सुटतो, असं कायदाच म्हणतो. कामगार दारूच्या नशेत होता आणि त्यामुळेच इजा झाली, तरी सुटतो. त्यामुळे बोट गेलेला माणूस सहसा प्यायलेला निघतो. सकाळी सातच्या पहिल्या पाळीला देवाला उदबत्ती लावून आलेलासुद्धा. इथे कायद्याने एक गंमत करून ठेवली आहे. मृत्यू किंवा संपूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर या सबबी चालत नाहीत. म्हणजे पिऊन एक बोट घालवलं तर शून्य आणि पिऊन दोन्ही हात घालवले तर पुरे शंभर. व्यसनात अर्धवटपणा वाईट, एवढाच बोध यातून घेता येतो.

इस्पितळातला पहिला आठवडा भेटायला येणाऱ्यांचा. जिवावरचं बोटावर निभावलं, असं प्रत्येक जण म्हणतो आणि उरलेल्या नऊ बोटांकडे कौतुकाने बघतो. मावसभाऊ बँकेची आठवण करतो: “तुझ्या खात्यातून वर्षाला वीस रुपये कापतात ना, त्या सुरक्षा विम्याचं बघ.” बघितलं तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत एक हात गेला तर १ लाख आहेत, दोन्ही गेले तर २ लाख, बोटाचं नावही नाही. वीस रुपयांत पेरापेराचा हिशोब मागणं हेही जरा जास्तच. मावसभाऊ उठताना म्हणतो, “थोडक्यात हुकलं रे.”

मग कंपनीचा माणूस येतो. हातात सफरचंदं, एक नारळ आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरचा लिफाफा. पूर्वी हे काम शंभराच्या स्टॅम्प पेपरवर भागायचं, पण २०२४ मध्ये महाराष्ट्राने कमीत कमी मुद्रांक पाचशेचा केला, त्यामुळे माणुसकीही महागली. कागदावर लिहिलेलं असतं की औषधपाण्याचा खर्च मिळाला, माझी काही तक्रार नाही, यापुढे काही मागणार नाही. १९२३ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने असा हक्कसोड कागद मुळातच रद्दबातल ठरवला होता. पण तो रद्दबातल आहे हे त्या कागदावर कुठे छापलेलं नसतं, आणि खाली सही मात्र असते. उजव्या हाताला बँडेज असल्यामुळे ती डाव्या हाताने केलेली असते. पुढे ती सही खरी की खोटी यावर दोन तारखा आरामात जातात.

टक्का ठरवायला डॉक्टर लागतो. बोट गेलंच असेल तर काम सोपं, कारण नसलेल्या वस्तूबद्दल मतभेद कमी होतात. भानगड असते ती बोट आहे पण वळत नाही, तेव्हा. अशा वेळी कायदा उदार होतो. अवयवाचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर अवयवच गेला असं धरा, म्हणतो. जागेवर असून गैरहजर, ही कल्पना सरकारला समजावून सांगावी लागली नसणार. पण किती वळत नाही, यावर कामगाराचा डॉक्टर आणि मालकाचा डॉक्टर यांच्यात तेच होतं जे लग्नात मुलाकडच्या आणि मुलीकडच्या गुरुजींमध्ये होतं. दोघांचे ग्रंथ एकच आणि मुहूर्त वेगळे.

यादीचा सगळा ताठा एका सुताराने मोडला. ओरिसातल्या एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना १९६८ साली तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं साधं होतं, की एकच हात गेलाय, हे काही संपूर्ण अपंगत्व नव्हे. नुकसानभरपाई ठरवणारे आयुक्त म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही. रंधा एका हाताने धरा, पटाशी एका हाताने मारा आणि दाखवा. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं: शंभर टक्के, वर व्याज आणि दंड. हाताच्या यादीला कोणीतरी विचारलं, हात कोणाचा?

हाच प्रश्न मोटार अपघाताच्या एका प्रकरणात २०१० साली पुन्हा निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एक उदाहरण दिलं. डावा हात गेला तर शरीराचं नुकसान ६० टक्के धरलं जाईल. पण तो ड्रायव्हरचा किंवा सुताराचा हात असेल तर कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के. आणि सरकारी नोकरीतल्या कारकुनाचा असेल, तर तो कारकून म्हणून पुढेही काम करत राहू शकेल. न्यायमूर्तींनी हे अगदी गंभीरपणे लिहिलं आहे. आमच्या वकिलांनी ते एका सरकारी कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा तिथल्या कारकुनाने दोन्ही हात टेबलावर ठेवून ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरोबर आहे की. उद्या या.”

१९२३ च्या कायद्यात दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. पैसे देय झाल्यावर महिन्याभरात दिले नाहीत तर मालकाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हे सगळं कागदावर इतकं झकास आहे की वाचून एखाद्याला बोट असल्याचं वाईट वाटावं. पण मालक आधी तो आमचा कामगारच नाही म्हणतो. मस्टर मागितलं तर ते पावसात भिजलेलं असतं. कंत्राटदार शोधावा तर त्याच्या गाळ्यावर आता मोबाइलची कव्हरं विकतात. साक्षीदार म्हणून शेजारच्या प्रेसवरचा माणूस बोलवावा, तर तो तोपर्यंत गावी जाऊन आलेला असतो आणि त्याला काही आठवत नाही, फक्त एवढंच आठवतं की तो अजून तिथेच कामाला आहे.

तरीही माणसं चिकाटीची असतात. परभणीकडचा एक पोरगा, प्रेसवर उजवी तर्जनी गेलेला, वकिलांकडे तारखेमागून तारखेला येत राहिला. दर वेळी डबा घेऊन यायचा आणि काचेखालच्या पंजावर ठेवून खायचा. शेवटी निकाल लागला, रक्कम आयुक्तांकडे जमा झाली, आता ती त्याच्या खात्यावर जायची. बँकेत गेल्यावर खातं थंडावलेलं निघालं. केवायसी करा म्हणाले. वकीलही सोबत होते, म्हणून हा पुढचा प्रकार कळला. खिडकीतल्या बाईंनी लाल दिव्याचं छोटं यंत्र पुढे सरकवलं.

“उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवा.”

त्याने डाव्या हाताचं ठेवलं. यंत्राने कूं केलं.

“उजव्या हाताचं म्हणाले मी. अंगठ्याच्या शेजारचं.”

“मॅडम, दुसरं कुठलं चालंल का?”

“सिस्टिम जे मागते तेच द्यावं लागतं. पैशाचा प्रश्न आहे ना? मग ते बोट कुठंय?”

पोरगा म्हणाला, “मॅडम, त्याचेच तर पैसे आहेत हे.”